पितळी ताटलीतली बिस्किटं

ताईला मुलगी झाली तेव्हा मी अकरावीत होते. ताई धंतोलीतल्या एका दवाखान्यात होती आणि आई तिच्याजवळ. घरी बाबा आणि मी. स्वयंपाक बाबा करायचे. ताईसाठी काही करायचं तर मला फक्त बिस्किटांची कृती माहीत होती, तीही शाळेच्या इंग्रजी पुस्तकातून वाचून. बेकिंग ट्रेला तूप लावून तो आधी तापवून घ्या, असं त्यात लिहिलं होतं. ट्रे आमच्याकडे नव्हता. ओव्हनही नव्हता, पण शेजारच्या काकू मोठ्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, रेती तापवून, झाकणावर निखारे ठेवून नानकटाई करायच्या. ते मी खिडकीतून पाहिलं होतं. विचारलं मात्र नव्हतं. मला विचारणं जमत नसे.

आच लागली की निळे डाग पडतात म्हणून आई स्टीलची ताटं शेगडीजवळ नेऊ देत नसे. मी जुनी पितळी ताटली घेतली. आतून नवी कल्हई होती, चकचकीत. तूप लावून ती रिकामीच आमच्या गंजातल्या रेतीवर ठेवली आणि पुस्तकात होतं तशी चांगली तापू दिली. पंधरा बिस्किटं झाली, खालून जरा काळी. मी ती नीट न बघता डब्यात भरली. अकरा वाजता बाबा जेवणाबरोबर तो डबाही दवाखान्यात देऊन ऑफिसला गेले.

नंतर ताटली घासायला घेतली. मधोमध पिवळं पितळ उघडं पडलं होतं आणि कडेला चांदीसारखे थेंब गोठले होते. बाकीची कल्हई कुठे गेली ते लगेच कळलं. उघड्या पितळेत ताक कळकलं तर आई ते ओतून द्यायची. आणि कल्हईवाले कथलात शिसं मिसळतात, असं रसायनशास्त्राच्या बाई म्हणाल्या होत्या. ते विष दुधातून बाळाला जातं का, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

हाताला राख तशीच होती. सायकल काढली. वाटेत एका रिक्षावाल्याने शिवी दिली, तीही मला बरी वाटली. म्हणजे अजून सगळं नेहमीसारखं होतं.

खोलीत आई नव्हती, औषध आणायला गेली होती. ताईच्या सासूबाई सकाळच्या एसटीने उमरेडहून नातीला बघायला आल्या होत्या. डबा त्यांच्या मांडीवर उघडा होता. ताईच्या हातात एक बिस्किट होतं, अख्खं.

घाबरले की माझ्या तोंडून इंग्रजी यायचं. "डोन्ट ईट इट," मी म्हणाले.

"काय म्हणून राहिली वं ही?" सासूबाईंनी ताईला विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बस नं. एक खाल्लं मी, चांगलं झालं. पण वर्ख खालून काहून लावला? आमच्याकडं वरून लावतात."

त्यांनी बिस्किट उलटं करून दाखवलं. काळ्या बुडावर चांदी चमकत होती.

मी ताईच्या हातातलं बिस्किट काढून घेतलं. "वर्ख नाही, मावशी. कल्हई आहे. ताटलीची."

सासूबाईंनी पोटावर हात ठेवला. "म्हंजे आता मले चिंच-ताक काही बाधत नाही," त्या म्हणाल्या. "आतून कल्हई झाली नं."

ताई हसली, मग टाके दुखले म्हणून थांबली. मला हसू आलं नाही. मी नर्सला गाठून, खाली बघत सगळं सांगितलं. एकाने काही होत नाही, पण ओकारी आली तर कळवा, असं ती म्हणाली. चार वाजेपर्यंत मी सासूबाईंच्या समोरच्या स्टुलावर बसून होते. त्यांचा डोळा लागला तेव्हा पदर वरखाली होतो का ते बघत होते.

"अशी काय पाहून राहिली वं? फोटो काढतं का?" उठल्यावर त्यांनी विचारलं आणि चहा मागितला.

पाचच्या गाडीने त्या गेल्या. आता त्यांच्याकडे कोण बघणार होतं? पुढचे तीन दिवस पोस्टमनची सायकल वाजली की मी दाराकडे धावायचे. चौथ्या दिवशी भाऊजींच्या अक्षरातलं कार्ड आलं. मी ते दारातच उभी राहून वाचलं. बाळाची दृष्ट काढायला सांगितलं होतं, टाके कधी काढणार ते विचारलं होतं. अगदी कडेला, जागा संपल्यामुळे उभ्या ओळीत, सासूबाईंनी सांगितलेलं होतं तसंच लिहिलं होतं: बिस्किटवाल्या पोरीले सांगा, पोट जाग्यावर आहे.