बॉनेटवरचा कापूस

माझ्या मेव्हण्याच्या मरून रंगाच्या गाडीला माझ्यामुळे पांढरी दाढी आली होती. यात गाडीचा काही दोष नाही. मेव्हण्याचाही नाही.

झालं असं, की आमच्या मुलाच्या, प्रसादच्या, लग्नात नवरदेवाला मांडवापर्यंत मामाच्या गाडीतून न्यायचं ठरलं. आमच्या घरात ही पद्धतच आहे. माझ्या वेळी मामाचा ट्रॅक्टर होता. प्रसादचे मामा म्हणजे माझ्या बायकोचे, शोभाचे, थोरले भाऊ. ते धुळ्याला असतात आणि लहानथोर सगळे त्यांना नाना म्हणतात. नाना आपली गाडी कुणाला देत नाहीत. सख्ख्या मुलाला जरी हवी असली तरी तो दोन दिवस आधी आईमार्फत विषय काढतो. पण बहिणीला त्यांना नाही म्हणवलं नाही. शोभाने फोनवर शब्द दिला, "नाना, जशी दिली तशी परत मिळेल. एक ओरखडा दिसला तर मला विचारा." गाडी जळगावला आली.

नवरदेवाच्या गाडीला नावांचा स्टिकर लागतो. मी चांगला हातभर लांबीचा करून घेतला. मध्ये 'प्रसाद आणि स्नेहल' आणि दोन्ही बाजूंना मोर.

स्टिकरवाला म्हणाला, "काका, मागच्या काचेवर लावा. नंतर खरवडता येतो."

"काचेवर कोण बघतंय? फोटो पुढून काढतात."

"रंगावर लावला तर निघताना त्रास देईल."

"अहो, स्टिकर आहे तो. फरशी नाही बसवत आपण," मी म्हणालो. (हे वाक्य शोभाने नंतर मला इतक्या वेळा ऐकवलं, की आता ते तिचंच वाटतं.)

मग मीच तो बॉनेटवर लावला. एकही फुगा राहू नये म्हणून फडक्याने दाबून दाबून असा बसवला, की दोन-चार पाहुण्यांनी कौतुक केलं.

लग्न झकास झालं. गाडी दुसऱ्याच दिवशी धुळ्याला जायची होती. पण साक्रीच्या आत्याने नव्या जोडप्याला जेवायला बोलावलं. मग सोनगीरचे काका रुसले, म्हणून त्यांच्याकडे जावं लागलं. असे पंधरा दिवस गेले, आणि तेही मे महिन्यातले. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी फाटकाची कडी काढायची तरी हातात फडकं घ्यावं लागतं. स्टिकर तेवढे दिवस बॉनेटवर भाजत होता आणि मी घरात आमरस खात होतो.

एका सकाळी नानांचा फोन आला. "दाजी, उद्या एसटीने येतो आणि गाडी घेऊन जातो."

मी लगेच स्टिकर काढायला बसलो. एका मोराची शेपटी नखाने उचलली आणि ओढली. शेपटी नखाएवढीच निघाली. तासाभरात रंगीत थर बराचसा निघाला, पण खालचा गोंद आपल्या जागेवर होता. गरम पाणी ओतून पाहिलं, तेवढ्यात वाऱ्याने धूळ उडाली आणि ती सगळी त्यावर बसली. आता बॉनेटवर मातकट रंगात 'साद आणि स्ने' एवढं वाचता येत होतं.

मी कपाटातून थिनरची बाटली काढली. शोभाने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"रंगच गेला तर?"

"कोपऱ्यात थोडंसं लावून बघतो."

"अहो, नानांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला गाडी दिली, ती माझ्या शब्दावर. मी उद्या माहेरी कोणत्या तोंडाने जाऊ?"

तिचे डोळे भरून आले. तीस वर्षांच्या संसारात मी तिला चिडवलं, वैतागवलं, पण माहेरच्यांपुढे मान खाली घालायला कधी लावलं नव्हतं. मला खरंच लाज वाटली. थिनर कपाटात परत गेलं.

इतक्यात शेजारचे आबा आले. आबा मूळचे धरणगावचे. कापसात जन्म गेलेला माणूस, त्यामुळे जखम असो, दिव्याची वात असो, आबांचा भरवसा कापसावर.

"काय करी राह्यनात मास्तर?"

मी बॉनेट दाखवलं.

"येवढंच ना? घरमा कापूस शे, मी लई येस. कापूस बठ्ठं वढी लेस."

कापूस म्हणे सगळं ओढून घेतो! मी शाळेत विज्ञान शिकवलंय. कोणता पदार्थ कशात विरघळतो याचे तक्ते मुलांकडून पाठ करून घेतलेत. तरीही मी मान डोलावली, कारण आबा फार आत्मविश्वासाने बोलत होते आणि माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. आबांनी ओंजळभर कापूस आणला. आम्ही दोघांनी तो उन्हाने मऊ झालेल्या गोंदावर जोर लावून घासला.

कापसाने काही ओढलं नाही. गोंदानेच कापूस ओढून घेतला. एकेक तंतू चिकटत गेला आणि पाच मिनिटांत बॉनेटवर या मोरापासून त्या मोरापर्यंत पांढरी दाढी उगवली. वारा आला की ती हलायची.

आबांनी दाढीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "कापूस चांगला शे, पण."

शोभा बाहेर आली, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन थिनरच्या कपाटाला कुलूप लावलं.

शेवटी मी मान खाली घालून स्टिकरवाल्याला फोन केला. तो हसला नाही, एवढे त्याचे उपकार. "काका, खोबरेल तेल लावा. अर्धा तास हात लावू नका. मग जुन्या एटीएम कार्डाने हळूहळू लोटा आणि बनियनच्या कापडाने पुसा. ब्लेड आणि थिनर लांब ठेवा."

घरातली खोबरेलाची मोठी बाटली संपली. दाढी तेलात भिजून आडवी झाली आणि कार्डाने लोटल्यावर गोंदासकट पट्ट्यापट्ट्यांनी निघाली. मग साबणाचं पाणी लावलं. संध्याकाळपर्यंत बोट फिरवलं तरी काही लागत नव्हतं. पण उजेडात तिरकं पाहिलं की त्या जागी मोरांचा पुसट ठसा दिसायचा. म्हणून मी पॉलिश आणलं आणि हात भरून येईपर्यंत घासलं.

सकाळी नाना आले. चहाही न घेता गाडीपाशी गेले. शोभा दारात पदर बोटाला गुंडाळत उभी. मी ठरवल्याप्रमाणे सगळं कबूल केलं, कापसासकट. नानांनी बॉनेटवर तळहात फिरवला, वाकून तिरकं पाहिलं. ठसा कुठेच नव्हता. मात्र जिथे स्टिकर होता तेवढा चौकोन आरशासारखा चमकत होता आणि उरलेली गाडी त्याच्यापुढे धुतलेल्या पायपुसण्यासारखी दिसत होती.

"दाजी, हाई काय शे?"

"नाना, चूक माझी आहे. शोभाचा काही दोष नाही."

"चूक ऱ्हाऊ द्या. आता बठ्ठी गाडी अशीच करा."

नाना दोन दिवस राहिले. निंबाखाली खुर्ची टाकून ते आमरस खात होते आणि "ते मागचं दार राहिलं" एवढंच अधूनमधून बोलत होते. मी घासत होतो. निघताना त्यांनी शोभाच्या डोक्यावर हात ठेवला. "दिली त्यापेक्षा चांगली परत मिळाली, शोभा." तिचा चेहरा असा उजळला, की माझे खांदे दुखायचे थांबले. (संध्याकाळी परत सुरू झाले.)

आठवड्याने त्यांचा फोन आला. "दाजी, रविवारी येतो. आमच्या व्याह्यांची गाडी घेऊन. काळी शे."

लग्नाला तीस वर्षं झाल्यावर सासरच्यांना माझ्यात एक गुण सापडला होता. मी लगेच हो म्हणालो, आणि दोन बनियन फाडून ठेवले.