आबांचा स्टार्टर आमच्या भिंतीवर

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने बजावलंय. पण परंदवडीत राहायला आल्यापासून इतके किस्से साठलेत की माझ्या दहावीच्या वह्यांची मागची पानं पुरेनात.

आबा आमचे घरमालक. आमची आतली खोली पूर्वी त्यांच्या विहिरीच्या मोटारीसाठी बांधलेली. मोटारीचा स्टार्टर अजूनही तिथेच आहे, माझ्या अभ्यासाच्या टेबलाच्या वर, भिंतीवर! शेतीची लाईट आली की मोटार चालू करायला आबा थेट आत. दाराला आतून कडीच नव्हती. मोटारीच्या खोलीला आतून कडी कोण लावतं? मला कपडे बदलायचे असले की आईला दारात उभं करावं लागायचं.

*

पहिल्याच आठवड्यात पप्पा टॉवेल गुंडाळून दाढी करत होते. आबा आत!

"आबा, दार तरी वाजवा!"

"आपलंच दार आपुनच वाजवायचं व्हय?"

आणि जाताना म्हणाले, "डाव्या गालाला राहिलंय बगा."

*

कधी आबांच्या मागोमाग मावशी, म्हणजे त्यांची बायको, यायच्या. एकदा त्यांनी आमटीचं झाकण उघडलं, चव घेतली, चिमूटभर मीठ टाकलं आणि गेल्या. आई नुसती धुमसत होती. जेवताना पप्पा म्हणाले, "आज आमटी झकास!"

दुसऱ्या दिवशी पप्पांना डबा मिळाला नाही.

*

मग पप्पांनी भाडेकरार काढला. "हे बघा आबा, आत यायचं तर मालकाने एक दिवस आधी सांगायचं."

आबांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी आम्ही पोहे खात होतो, तर आबा आत!

"उद्या येनार हाय. सांगायला आलतो."

आणि आलोच आहोत तर म्हणून मोटार चालू करून गेले.

*

एका रविवारी घरी मी एकटी होते. कपडे बदलत होते, तेवढ्यात लाईट आली. मी दाराला पाठ लावून उभी. बाहेरून आबा ढकलतायत, "दार अडाकलं जनू!" मी पाय रोवून दार दाबून धरलं. शेवटी ते कंटाळून गेले. मी खूप रडले.

संध्याकाळी चिठ्ठी लिहून आबांच्या हातात दिली.

"चष्मा न्हाई. तूच वाच, मोठ्यानं."

मी वाचली. "आबा, घर तुमचं आहे, मान्य. पण मी आत कपडे बदलते. मला कडी हवी आहे."

मावशी म्हणाल्या, "आयकलं का? एवढ्याशा पोरीला लिवावं लागलं!"

सकाळी आबा स्वतःच कडी आणि स्क्रू घेऊन आले. दार सताड उघडं होतं, तरी बाहेर उभं राहून वाजवत होते!

*

आता मोटार माझ्याकडे. आबा बाहेरून हाक मारतात, मी आतून हिरवं बटण दाबते. त्यांना सवय इतकी लागलीय की परवा स्वतःच्याच घराचं दार वाजवलं.

आतून मावशी, "कोन हाय?"

"मी."

"मी कोन?"

"अगं, घरमालक!"

"मग एक दिस आदी सांगायचं व्हतं!"

आबा पायरीवर बसले आणि खिडकीतून हसणाऱ्या माझ्याकडे बघून विषय बदलत म्हणाले,

"ए पोरी, लाईट आली! दाब बटन!"