द्वारकामावशीच्या गॅलरीबद्दलचा खुलासा

सुलभाचा फोन आला तेव्हा मी पुरवणीचे शेवटचे पान तपासत होतो. "आई गेली," एवढेच ती म्हणाली. मी वेळ विचारली. बातमीदारी केलेला माणूस आधी वेळच विचारतो. "सव्वाआठ," ती म्हणाली, आणि मग, "तू यो." द्वारकामावशी माझ्या आईची धाकटी बहीण, सुलभा तिची एकुलती एक मुलगी. मावशीला जाऊन आता पाच आठवडे झाले.

मावशीचा संसार पेडण्यातल्या पार्से गावात झाला. पावसाळ्यात भात, आणि ते कापले की त्याच शेतात मिरची. मिरचीला विहिरीवरून कळशीने पाणी घालण्याचे काम चाळीस वर्षे तिचे होते. यजमान वारल्यावर ती डिचोलीत सुलभाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली आणि तिथल्या गॅलरीत तिने पाच झाडे लावली: पानओवा, गवती चहा, कोरफड, मायाळूचा वेल आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात सुरण. निवड विचारपूर्वक होती. कुंडीच्या तळाशी तिने नारळाची सोडणे घातली होती, कारण ती साले पाणी धरून ठेवतात. रविवारी प्रत्येकाला एक तांब्या, एरवी काही नाही. "आयतार ते आयतार," ती म्हणे. "मदी कोण रडलां तरी बघूचा ना." मायाळू दुपारी मान टाकायचा. ती खरोखरच बघत नसे. उरलेल्या जागेत तिची प्लास्टिकची खुर्ची होती. मावशी तिला 'कदेल' म्हणायची. सकाळी गवती चहा उकळून ती त्या कदेलीवर बसे आणि पाववाल्या पोदेराचा हॉर्न ऐकू आला की वरूनच ओरडे, "चार पाव, आनी कालच्यासारके करपिल्ले नाका!"

तीन वर्षांपूर्वी पुरवणीत फ्लॅटमधल्या भाजीपाल्यावर मजकूर हवा होता. मी मावशीकडे तासभर बसलो, वहीत टिपणे घेतली आणि लेख लिहिला. मथळा होता, 'माती सोडवेना'. गाव सुटलेली बाई गॅलरीत आपले शेत शोधते, असा त्याचा सूर होता. त्यात मावशीच्या तोंडी एक वाक्य होते: "मातीत हात घातल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही." हे वाक्य ती बोललेली नव्हती. ते मी रचले होते.

लेख लोकांना आवडला. आधी शेजारी आले, मग नातेवाईक, मग ओळखपाळख नसलेले वाचक. प्रत्येकाच्या हातात एक रोप. गुलाब, टोमॅटो, शेवंती, वांगी... रोज पाणी मागणारी झाडे. हातात दिलेले रोप परत करायचे नाही आणि दारात सुकू द्यायचे नाही, हे मावशीच्या घरात कधी न मोडलेले शास्त्र. मी एकदा मोजले तेव्हा एकतीस कुंड्या होत्या. कदेल आत, कपाटाच्या मागे गेली होती. मावशी मोरीतून बालदी भरून आणत होती.

"पेपरात घाल रे पेपरवाल्या," ती म्हणाली, "द्वारकेक आनीक झाडां नाका म्हणान."

मी हसलो. "मावशी, असां कोण छापता?"

"चूक जाली तर छापतात मगे. खाली, बारीक अक्षरांनी."

"ती नावाची नायतर आकड्याची चूक असली तर."

"आनी माज्या तोंडात दुसऱ्याची जीब घातलंस, ती चूक न्हय?"

त्यावरही मी हसलो. सुलभाही हसली. मावशी बालदी उचलून गॅलरीत गेली.

गेल्या वर्षी एका सकाळी कुंड्यांतून झिरपलेल्या पाण्यावरून ती घसरली. हातात बालदी होती. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा नीट चालली नाही. अंथरूण धरले, मग छातीत कफ झाला. माझ्या लेखाचा आणि या पडण्याचा संबंध कोणी सिद्ध करू शकणार नाही. मी फक्त क्रम लिहितो आहे.

शेवटच्या भेटीत तिने विचारले, "भायर पाणी घातलां कोणी?" मी म्हणालो, आता घालतो. "नाका," ती म्हणाली. "सुकांदेत सगळी." मला वाटले, आजारात माणूस असे बोलतो. मी बालदी भरली आणि एकतीस कुंड्यांना पाणी घातले. बराच वेळ लागला. आत आलो तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केले होते. पाण्याचा आवाज तिला ऐकू येत असणार... मी तिला हाक मारली नाही.

परवा सुलभाकडे गेलो. घरात कोणाचे लक्ष नव्हते. भेट आलेली झाडे वाळली आहेत. मावशीची पाच हिरवी आहेत. आम्ही वाळलेल्या कुंड्या खाली नेल्या, फरशी कोरडी केली आणि कपाटामागची कदेल जागेवर आणून ठेवली. तिच्यावर आम्हा दोघांपैकी कोणी बसले नाही.

घरी येऊन जुनी वही काढली. 'माती सोडवेना' या लेखातले अवतरण मावशीचे नव्हते. त्या दिवशी ती बोलली ते माझ्याच अक्षरात वहीत आहे: "सकाळी उटल्यार आता कोण पाणी मागणा ना. बसान च्या पितंय. माका बरां वाटतां."