उलटमास्तरांचं विधान

गणिताचं उत्तर बरोबर आलं म्हणून उलटमास्तरांनी कुणाची पाठ थोपटल्याचं मला आठवत नाही. मेहकरच्या आमच्या शाळेत ते भूमिती शिकवत. एकाला वर्गाबाहेर काढायचं, दुसऱ्याकडून फळ्यावर गणिताची नुसती मांडणी लिहून घ्यायची आणि बाहेरच्याला आत बोलावून विचारायचं, "सांग बे, मूळ गणित काय होतं?" त्याला ओळखता आलं नाही, तर मांडणारा गुन्हेगार! या उलट्या न्यायावरूनच त्यांना हे नाव पडलं. मी कित्येकदा गुन्हेगार ठरले आहे.

"सोडवणारे गल्लोगल्ली हायेत. मांडणारा दाखवा," असं ते म्हणत.

पुढे पुण्यात मला मिळालेलं काम ऐकून ते फार खूश झाले. गणितातली विधानं संगणकाला कळतील अशा काटेकोर भाषेत लिहायची, एकाच विधानाच्या दोन-तीन मांडण्या करायच्या आणि कोणत्या मांडणीवर त्याला सिद्धता सापडते ते ताडून बघायचं. "म्हंजे वर्गाबाहेर तुम्ही मशीन उभी केली!" मग जरा लाजतच त्यांनी स्वतःचं एक विधान माझ्या हाती दिलं. चढत्या क्रमाने ओळीत लिहिलेल्या आकड्यांबद्दलचं. तरुणपणी सुचलेलं, आजवर सिद्ध न झालेलं. तेव्हा त्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. "खरं हाय का खोटं, तेवढं जायच्या आधी समजलं पाह्यजे," एवढंच ते म्हणाले.

मी दोन मांडण्या केल्या. एकीत आकडे ओळीत, दुसरीत गोलात, म्हणजे शेवटच्यानंतर पुन्हा पहिला. गोलात नियम सुटसुटीत लिहिता येतात. ओळीवर संगणक दिवसभर अडून बसला. गोलावर मात्र क्षणात सिद्धता हजर. मी हवेतच होते. मिळेल ती एसटी पकडून मेहकर गाठलं.

मास्तरांनी सिद्धतेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "मांडणी वाच."

मी वाचली. आकडे गोलात, प्रत्येक आकडा त्याच्या पुढच्यापेक्षा लहान. त्यांनी काकूंकडून ताट मागवलं आणि काठाकाठाने खडूने आकडे लिहिले. दोन, पाच, नऊ, बारा. बारानंतर पुन्हा दोन.

"बारा दोनापेक्षा लहान हाय काय वं?"

माझं तोंड एवढंसं झालं.

"असे आकडे जगात नाहीत. जे नाहीच, त्याच्याबद्दल मशीन कायबी सिद्ध करून देईन. जाय, ओळीतलीच मांडणी घे. पण आधी जेव."

मला रडू आलं. त्यांना आनंद द्यायच्या घाईत मी सोयीची मांडणी उचलली होती, आणि तीही त्यांच्याच हाताखाली शिकून.

ओळीच्या मांडणीवर महिना गेला. शेवटी संगणकाने सिद्धता नाही, एक उदाहरण काढलं: अकरा आकडे, सगळ्या अटी पाळणारे आणि विधान मोडणारे. मास्तरांचं विधान खोटं होतं. दोन दिवस मला फोन करायचा धीर झाला नाही. केला तेव्हा त्यांनी आधी मांडणी वाचायला लावली, तिच्यावरून मूळ विधान स्वतः म्हणून ताडून पाहिलं, मग एकेक आकडा लिहून घेतला. बराच वेळ वजाबाक्या पुटपुटत राहिले.

"हाव. बरोबर हाय. माह्यंच चुकलं."

त्यानंतर ते दीड महिना होते. ते गेल्यावर मी काकूंना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी सांगितलं, की डायलिसिसला शेजारच्या खाटेवर जो कोणी असेल त्याला ते मोठ्या अभिमानाने सांगत, "माह्या पोरीनं मले खोटं पाडलं!"