चिनी नाटकातल्या अक्षता

बेसमेंटमध्ये तालमी करणाऱ्या ग्रुपचे किस्से तिथल्या जुन्या सूटकेसांसारखे साठतात. कुणी टाकत नाही, कुणी उघडत नाही. मी उघडतो. मी कॉलेज सोडलंय, त्यामुळे मला वेळच वेळ आहे असं शॉमबर्ग या आमच्या अमेरिकन उपनगरातल्या सगळ्या मराठी काकांचं मत आहे. म्हणून तर लाइट्स, म्युझिक आणि शेवटचं व्हॅक्यूम माझ्याकडे.

*

या वर्षी रवीकाकांनी एक जुनं चिनी नाटक मराठीत आणलं. काका रिटायर्ड हार्ट सर्जन, बेसमेंट त्यांच्याच घराचं. दिग्दर्शक तेच, सम्राटही तेच. गोष्ट अशी: राजवट कोसळते, एक कवी आणि एक गायिका यांची ताटातूट होते. शेवटी भेटतात, पण परतायला काही उरलेलंच नसतं. दोघं दोन वाटांनी निघून जातात.

त्यांची बायको शैलाकाकू म्हणाल्या, नंतर जेवण आहे, लोकांना रडवून पानावर कसं बसवायचं? झालं! शेवट बदलला. चीनमध्ये मंगलाष्टकं. प्रेक्षकांना दारातच अक्षता वाटायचं ठरलं.

मी म्हटलं, मग राजवट तरी कशाला पाडता?

"तुला नाही कळायचं," काका म्हणाले. त्यांच्या पिढीचं हे लाडकं वाक्य.

*

सम्राटानं मुकुट काढून, वेष पालटून पळायचं होतं. काका मुकुट काढेनात.

"मी आयुष्यात कुठून पळून गेलेलो नाही."

"भारतातूनसुद्धा?" मी विचारलं.

काकू चहा गरम करायला वर गेल्या. समोरचा चहा अजून वाफाळत होता. काकांनी मुकुट काढला.

*

कवी म्हणजे नागपूरचा समीर, गायिका पुण्याची गौरी. दोघं तालमीला एकाच गाडीतून यायचे, आणि काकूमंडळी एकमेकींकडे बघायच्या. एका मंगळवारी समीरची नोकरी गेली. व्हिसा नोकरीवरच, दुसरी मिळाली नाही तर परत. संध्याकाळी तो तरीही आला आणि राज्य बुडाल्याचं वाक्य अगदी सपाट बोलून गेला.

"आज सूर लागला," काका खूश होऊन म्हणाले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

*

मग सल्ले सुरू झाले. सगळ्यांचा एकच: गौरीची नोकरी आहे ना, लग्न करून टाका, तिच्या व्हिसावर राहा. दुकानाच्या मेंबरशिप कार्डावर पाहुण्याला आत नेतात तसं.

समीर म्हणाला, "काका, मला गौरीशी लग्न करायचंय. तिच्या व्हिसाशी नाही."

"प्रॅक्टिकल हो जरा."

"तो मला दिवाळीत विचारणार होता," गौरी म्हणाली. "आता तुम्ही सगळ्यांनीच विचारून टाकलंत."

*

प्रयोगापर्यंत दुसरी नोकरी मिळाली नाही. समीरचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं.

दुपारचा शो, हॉल भरलेला, प्रत्येकाच्या मुठीत तांदूळ. शेवटच्या प्रवेशात गौरी हार घेऊन आली. तो समीरच्या गळ्यात पडला की मी मंगलाष्टकं लावायची होती.

तिनं हार त्याच्या हातात दिला, प्रवासाला निघालेल्या माणसाला डबा देतात तसा. ती डावीकडे गेली, तो उजवीकडे.

काका विंगेतून मला म्युझिकची खूण करत होते. मी लावलं नाही. थोड्या वेळानं त्यांचा हात खाली आला.

पडदा पडला, लोक जेवायला गेले. मी व्हॅक्यूम घेऊन रांगारांगांतून फिरलो.

कार्पेटवर तांदळाचा एकही दाणा नव्हता.