पंचवीस मिनिटांचं मौन

मौन हे मानसिक आरोग्य परिचर्येतलं सर्वांत प्रभावी साधन आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दोन वर्षांत हे वाक्य मी तीन वेळा उत्तरपत्रिकेत लिहिलं, एकदा चार्टवर निळ्या स्केचपेननं रंगवलं आणि एकदा कार्यशाळेत ऐकलं. त्या कार्यशाळेचं उद्घाटन दीपप्रज्वलनानं झालं. पंख्यामुळे समई विझत होती आणि पंखा बंद केला की पाहुण्यांना घाम येत होता, म्हणून शेवटी फोटोपुरता पंखा बंद ठेवला. मग ‘ऐकून घेण्याचं महत्त्व’ या विषयावर प्रमुख पाहुणे सव्वा तास बोलले. मध्ये कुणाला बोलू दिलं नाही.

मी नऊ वर्षं स्टाफ नर्स म्हणून काम करून पुन्हा शिकायला आले होते. दिवसा कॉलेज आणि वॉर्ड, आठवड्यातल्या चार रात्री एका खासगी रुग्णालयात ड्यूटी. त्यात आमच्या भागात नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येतं, आणि ते कोणत्या वेळी येईल हे पाणी सोडणाऱ्यालाही माहीत नसावं. ते आलं की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी टाकी, मग पिंप, मग घरातली मिळतील ती भांडी. त्या दोन वर्षांतलं सगळ्यात स्पष्ट काय आठवतं असं कुणी विचारलं, तर मी झोप म्हणेन. न झालेली.

या अभ्यासक्रमात ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ नावाचा एक प्रकार असतो. रुग्णाजवळ रोज अर्धा-पाऊण तास बसायचं, बोलायचं, आणि नंतर ते संभाषण शब्दन् शब्द चार रकान्यांत उतरवायचं: रुग्ण काय म्हणाला, नर्स काय म्हणाली, नर्सनं कोणतं तंत्र वापरलं आणि त्यातून काय निष्पन्न झालं. ज्यांना वेळ नसतो, म्हणजे सगळ्यांनाच, त्यांच्यासाठी नक्कल करायला सिनिअर्सच्या फायली असतात. त्या फायलींतले रुग्ण मला फार आवडत. लासूर स्टेशनच्या आडतीवरचा हमाल तिसऱ्याच भेटीत म्हणतो, ‘मला माझ्या भावना व्यक्त करताना असुरक्षित वाटतं.’ चौथ्या भेटीच्या शेवटी प्रत्येकाला हलकं वाटतं.

माझ्या वाट्याला जो आला तो बोलतच नव्हता.

अजिंठ्याकडचा मेंढपाळ, वय पंचावन्नच्या आसपास. निदान तीव्र नैराश्याचं. बायकोनं रिक्षा, एसटी आणि पुन्हा रिक्षा करून आणलेला. मी त्याला मामा म्हणायचे, तिला मामी.

“तसंबी ते लई बोलणारे नव्हतेच,” मामींनी पहिल्या दिवशी सांगितलं. “आधी आठ दिवस मला वाटलं रुसलेत. मग मी बी बोलले नाय. पुढं जेवण सोडलं, तवा म्हटलं, हे रुसणं नाय.”

त्या दुधात भाकरी कुस्करून भरवायच्या. मामा चार घास घ्यायचे आणि तोंड मिटायचे. भानावर आहे का हे तपासायच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो, ‘आपण आत्ता कोणत्या शहरात आहोत?’ एरवी या प्रश्नानं आमचं डोकं खाल्लेलं. पाटीवर शहराचं नवं नाव, रुग्णाच्या तोंडी जुनं, आणि बरोबर कोणतं धरायचं याबद्दल आमच्या मार्गदर्शक मॅडमचं मत दर आठवड्याला वेगळं. मामांनी ती अडचण ठेवली नाही.

“या शाखेत तुमचं हत्यार म्हणजे तुम्ही स्वतः,” मॅडम प्रत्येक बॅचला सांगत. ते हत्यार त्या महिन्यात बरंच बोथट झालं होतं. मी स्टुलावर बसायचे, मामा खिडकीकडे बघायचे, मी मामांकडे. सहा दिवसांच्या नोंदी घेऊन गेले तेव्हा मॅडमनी पानं उलटली.

“सगळीकडे सायलेन्सच? दुसरं तंत्र येत नाही का तुम्हाला?”

“मॅडम, ते बोलत नाहीत.”

“मग बोलतं करा. सिनिअर्सच्या फायली बघा ना जरा.”

शुक्रवारी डॉक्टरांनी मामींना सांगितलं की सोमवारपर्यंत फरक नाही पडला तर शॉक सुरू करू. मामींनी पदर तोंडाला लावला. शॉक हा चांगला उपचार आहे, भूल देऊन करतात, अशा रुग्णांना त्याचा खूप उपयोग होतो, हे सगळं खरं आहे आणि मी ते त्यांना तीनदा समजावलं. तिन्ही वेळा त्या नीट ऐकून घेऊन म्हणाल्या, “व्हय बाई. पण नको.”

“आणि बोलले तर?” मामींनी विचारलं.

“बोलले, जेवले, तर डॉक्टर थांबतील.”

तेव्हापासून मामींनी तंत्र बदललं. “बोला की. काय बी बोला. शिव्या द्या, पण बोला,” असं त्या दर अर्ध्या तासानं म्हणायच्या. शेजारच्या कॉटवरचा रुग्ण वैतागून म्हणाला, “मावशी, मी देऊ का त्यांच्या बदल्यात?”

शनिवारी मी रात्रपाळी करून घरी गेले तर नळाला पाणी आलेलं. ते भरून वॉर्डात पोचले तेव्हा दुपार झाली होती. मामी खाली चहा आणायला गेल्या. मी स्टुलावर बसले, पाठ भिंतीला टेकवली, वही मांडीवर उघडली, तारीख लिहिली. पुढचं मला माहीत नाही.

जाग आली तेव्हा सफाईच्या मावशी समोर उभ्या होत्या, पण त्या माझ्याकडे नाही, मामांकडे बघत होत्या.

“बोलला,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“हा बाबा. मी बादली आपटली तर म्हणला, ‘बादली हळू ठेव. झोपू दे तिला.’ मी म्हटलं, आता तुम्ही बोलला का? तर डोळे मिटून घेतले.”

मामा खिडकीकडे बघत होते. मी आठ दिवस ज्या वाक्याची वाट बघत होते ते येऊन गेलं होतं, आणि ते ऐकायला जिला बसवलं होतं ती मीच झोपले होते. मामी चहा घेऊन आल्या. मावशींनी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं, बादलीसकट. मामी नवऱ्याकडे बघत राहिल्या.

“तीस वर्षं झाली लग्नाला,” त्या म्हणाल्या. “मला कधी झोपू दिलं नाय.”

रविवारी मामा काहीच बोलले नाहीत. सोमवारी राउंड आला. डॉक्टर, त्यांच्या मागे मॅडम, मॅडमच्या मागे वह्या छातीशी धरलेला आमचा सगळा वर्ग. डॉक्टरांनी वाकून विचारलं, “काय मामा, कसं वाटतंय?” खिडकी.

“बोलले डॉक्टरसाहेब, शनिवारी बोलले,” मामी म्हणाल्या.

“कोणी ऐकलं?”

“झाडणाऱ्या मावशींनी.”

डॉक्टरांनी फाइल चाळली. त्यात तशी नोंद नव्हती. मावशींचं म्हणणं लिहायला फाइलमध्ये रकाना नसतो. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “सिस्टर, तुम्ही शनिवारी इथं होतात ना? तुम्ही ऐकलं?”

‘हो’ म्हणणं सोपं होतं, पण डॉक्टर पुढचं विचारणार हे दिसत होतं, आणि खोटी संभाषणं रचण्यात मी आमच्या वर्गात फार मागे होते. ‘नाही’ म्हटलं की मामींच्या हातात शॉकच्या संमतीचा कागद सहीसाठी येणार होता. मामी माझ्याकडेच बघत होत्या.

“नाही सर,” मी म्हटलं. “मी झोपले होते. ते माझ्याबद्दलच बोलले.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मॅडमचा चेहरा मी पाहिला नाही. डॉक्टरांनी मावशींना बोलावलं. त्या ओले हात साडीला पुसत आल्या आणि सगळ्या राउंडसमोर तेच वाक्य जसंच्या तसं म्हणाल्या. आमच्या कुणाच्याही वहीत इतकी नेमकी नोंद नव्हती.

डॉक्टरांनी फाइल मिटली. “म्हणजे आजूबाजूचं लक्षात येतंय. दुसऱ्याचा विचारही करतायत,” ते म्हणाले. “गुरुवारपर्यंत थांबू.”

गोळ्यांचा तो बारावा दिवस होता, हेही सांगितलं पाहिजे. श्रेय द्यायचंच तर ते गोळ्यांना जातं.

बुधवारी मामांनी मामींना विचारलं, “मेंढरं कुणाकडं?” त्या म्हणाल्या, तुमच्या भावाकडं. “त्याला काय कळतंय,” मामा म्हणाले आणि अर्धी भाकरी खाल्ली. डॉक्टरांनी याची नोंद सुधारणा अशी केली. शॉकचा विषय पुन्हा निघाला नाही. दोन आठवड्यांनी ते घरी गेले. निघताना मामा काही म्हणाले नाहीत. मामी म्हणाल्या, “बाई, तुम्ही बी आता घरी जा. निजा जरा.”

घरी जायच्या आधी मॅडमच्या केबिनमध्ये जावं लागलं. शनिवारच्या नोंदीत मी खरं लिहिलं होतं: ‘नर्स झोपली होती.’ मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली होती.

“ड्यूटीवर झोपायचं, राउंडला सांगायचं, आणि वर लिहायचं?” त्या म्हणाल्या. मग पेन उचलून, “किती वेळ?”

“मावशी म्हणाल्या, पंचवीस मिनिटं.”

“‘नर्स शांत बसून राहिली’ असं लिहा. तंत्र, सायलेन्स. कालावधी, पंचवीस मिनिटं.”

मी वाद घालायला हवा होता. मी दमले होते. मी लिहिलं.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि समासात लिहिलं, ‘अत्यंत संयमी हाताळणी’. त्या फाइलला वर्गात सर्वांत जास्त मार्क मिळाले. फाइल आता कॉलेजच्या ग्रंथालयात असते. यंदाच्या बॅचच्या तीन फायलींत एक न बोलणारा मेंढपाळ आहे, आणि तिन्ही ठिकाणी त्याच्यासमोर नर्स बरोबर पंचवीस मिनिटं शांत बसून राहते.