साडीगार्ड लावलेली क्रूझर

पन्नाशी जवळ आली की कुणी योगासनं सुरू करतं, कुणी गुरू करतं. मी गाडी घेतली. सातपूरच्या एका कारखान्यात गिअरचे दाते मापात आहेत की नाहीत हे तपासण्यात माझा दिवस जातो. आपणही कधीतरी एकट्याने कुठेतरी निघून जावं, असं फार दिवस मनात होतं. तेवढ्यात एक सेकंडहँड क्रूझर मिळाली. बुटकी सीट, रुंद हँडल, पुढे सरकवलेले पाय आणि डोळे दिपवणारं क्रोम.

क्रूझरचा जन्म अमेरिकेतला. तिकडचे रस्ते लांब आणि सरळ, म्हणून दिवसभर पाय पसरून बसता येईल अशी गाडी त्यांनी बनवली. आपल्याकडे ती स्वस्तात आणताना रूप तेच ठेवलं, आत रोजच्या वापरातल्या गाडीचं लहान इंजिन बसवलं आणि मागच्या चाकाला साडीगार्ड लावलं. स्वातंत्र्याच्या शोधात निघालेल्या एकट्या स्वाराची साडी चाकात अडकू नये, एवढी काळजी अमेरिकेने काही घेतली नव्हती.

साठच्या वेगापर्यंत गाडी म्हणजे आरामखुर्ची. त्यापुढे आरशातला ट्रक थरथरू लागायचा. थरथरतोय तो ट्रक नव्हे, हे कळायला मला पिंपळगावपर्यंत जावं लागलं. प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासायचं. थंडीत बॅटरी मान टाकायची, आणि एकाच पावसाळ्यात क्रोमवर गंजाचे ठिपके आले. मॉडेल बंद झालेलं, त्यामुळे साधी क्लच केबलसुद्धा मेकॅनिक दुसऱ्याच गाडीची आणून जमवून बसवायचा. तरीही मी ती मोठ्या तोऱ्यात सटाण्याला सासरी नेली. सासऱ्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

“गाडी भारी शे,” ते म्हणाले, “पन गोनी कोठे ठेवशात?”

कांद्याची गोणी जिच्यावर राहत नाही, ती गाडी त्यांच्या लेखी दागिना होती. त्यांचं अगदीच चुकलं होतं असंही नाही.

माझी बायको प्राथमिक शिक्षिका आहे. तिची शाळा पेठच्या बाजूला, डोंगरात. एसटी फाट्यावर सोडते, पुढे जीप मिळाली तर जीप, नाहीतर पायपीट. उशिरा पोचल्याबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली होती, आणि पुन्हा मिळाली तर नोकरीच सोडते असं ती म्हणू लागली होती. ती हे रागाने बोलत नव्हती, थकून बोलत होती, म्हणून मला भीती वाटायची. स्कूटरचा प्रयोग करून झाला होता. तिची लहान चाकं त्या रस्त्यावरच्या खड्ड्यात गेली आणि बायको चिखलात. बाकीच्या मोटरसायकलींवर तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

एका संध्याकाळी मी गाडी पुसत होतो. बायको सहज येऊन सीटवर बसली आणि तिचे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. आम्ही दोघंही तिच्या पायांकडे बघत राहिलो. माझी गाडी गेली, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

आमच्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, आणि तिची शाळा त्या दिवशी सकाळचीच. तेव्हा सातपूरच्या रिकाम्या रस्त्यांवर मी तिला शिकवलं. तिचा गिअर चुकला की मी ओरडायचो. एकदा तिने शांतपणे गाडी बंद केली आणि असं शिकवणाऱ्याला आमच्या शाळेत कुणी ठेवून घेणार नाही, एवढंच सांगितलं. पुढे ती गाडीवरून शाळेत जाऊ लागली आणि मी कंपनीच्या बसने कारखान्यात. तिची बदली होईपर्यंतच, असं आमचं ठरलं होतं.

तिच्या हातात गेल्यावर गाडीचे निम्मे दोष नाहीसे झाले. साठच्या पुढे तिला जायचंच नव्हतं. स्पीडब्रेकर आला की ती वेग कमी करायची. हा उपाय मला सुचला नव्हता. प्रजासत्ताक दिनाला मी तिच्या मागे बसून शाळेत गेलो, तर एक पालक दुसऱ्याला सांगत होता, “गाडी बाईंची हाय. मागं बसलेत ते त्यांचे मिस्टर.”

यंदा माझं नशीब उघडलं. सरकारी यादीतल्या अवघड क्षेत्रात बरीच वर्षं काढल्यामुळे तिला बदली मागायचा हक्क मिळाला. आमच्या घरापासून चालत जाण्यासारख्या शाळेत जागाही रिकामी होती. मी मनातल्या मनात नवी बॅटरी आणली, क्रोमला पॉलिश केलं. मुदत संपत आली तरी ती अर्जाचं नाव काढेना, तेव्हा सकाळी चहा घेताना मीच आठवण केली. अर्ज भरणार नाही, असं ती म्हणाली. मुलांचा लळा लागला असेल, मी समजूतदारपणे म्हणालो.

“मुलं काय, इकडच्या शाळेतही आहेत,” ती म्हणाली. “अहो, घरी मी तुम्हा सगळ्यांची, शाळेत मुलांची. मधला तेवढा रस्ता माझा एकटीचा असतो. तो मी नाही सोडणार.”

मग तिने हेल्मेट घातलं आणि ती निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होतो. मला तिचा हेवा वाटला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. ती गाडी माझ्याकडे असताना मी जिथे जिथे गेलो, तिथे फक्त ती दाखवायला गेलो होतो.